कॉलमची माहिती डेटाबेसलाच विचारा

एक्सेलमधली माहिती डेटाबेसमध्ये भरणारा प्रोग्राम लिहायला घेतला, की पहिली अडचण कॉलमची येते. टेबलात नेमके कोणते कॉलम आहेत, कोणता रिकामा सोडता येतो, नावाच्या कॉलममध्ये किती मजकूर मावतो, प्रायमरी की कशावर आहे? बऱ्याच ऑफिसांत याचं उत्तर म्हणून एक जुनी वर्डची फाइल पुढे केली जाते, नाहीतर आधीच्या डेव्हलपरचा फोन नंबर दिला जातो. ती फाइल टेबल तयार झालं त्या दिवशी बरोबर होती. पुढे कोणी दोन कॉलम वाढवले, कोणी एकाची लांबी बदलली. फाइल मात्र होती तशीच राहिली.

टेबलाची खरी रचना एकाच ठिकाणी असते, ती म्हणजे डेटाबेसमध्ये. ती तिथून वाचायला वेगळं काही शिकावं लागत नाही, साधी सिलेक्ट क्वेरी पुरते. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं आणि १९८५ साली, कोणत्या डेटाबेसला खरोखर रिलेशनल म्हणायचं हे ठरवणारे नियम दिले. त्यातला चौथा नियम हाच आहे: डेटाबेसचं स्वतःचं वर्णनसुद्धा इतर माहितीसारखंच टेबलांच्या रूपात असलं पाहिजे आणि ज्याला परवानगी आहे त्याला ते त्याच क्वेरीच्या भाषेत विचारता आलं पाहिजे. या वर्णनाला कॅटलॉग किंवा डेटा डिक्शनरी म्हणतात. गेली कित्येक वर्षं प्रत्येक मोठ्या डेटाबेसमध्ये हा कॅटलॉग आहे, तरीही कॉलमची यादी हाताने कोडमध्ये टाइप करणारे प्रोग्राम रोज लिहिले जातात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण ते प्रोग्राम बिघडतात तेव्हा एरर येईलच असं नसतं. कित्येकदा चुकीची माहिती गुपचूप भरली जाते.

ज्यांना सिलेक्ट आणि जॉइन येतात आणि ज्यांनी जावा, पायथन किंवा पीएचपीमधून डेटाबेसला एकदा तरी कनेक्शन केलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यातली टेबलांची आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

विचारायचं कुठे

सुरुवात इन्फर्मेशन स्कीमापासून करावी. १९९२ च्या एसक्यूएल मानकात तो आला आणि पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर या तिघांतही तो आहे. त्यात टेबल्स, कॉलम्स, टेबल_कन्स्ट्रेंट्स, की_कॉलम_युसेज असे तयार व्ह्यू असतात. रोजच्या कामाची क्वेरी अशी बनते: कॉलम्स या व्ह्यूमधून कॉलम_नेम, डेटा_टाइप, कॅरॅक्टर_मॅक्सिमम_लेंग्थ, इज_नलेबल आणि कॉलम_डिफॉल्ट घ्यायचे, टेबल_स्कीमा आणि टेबल_नेम या दोन्हींवर अट घालायची आणि ऑर्डिनल_पोझिशनप्रमाणे क्रम लावायचा.

'दोन्हींवर' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. मायएसक्यूएलमध्ये स्कीमा म्हणजेच डेटाबेस, आणि एका सर्व्हरवर खऱ्या डेटाबेसशेजारी त्याचीच टेस्टिंगची प्रत असणं ही नेहमीची गोष्ट. फक्त टेबलाच्या नावावर अट घातली तर दोन्हीकडचे कॉलम एकत्र येतात. यादीत प्रत्येक नाव दोनदा दिसलं, तर निदान चूक लक्षात येते. पण प्रोग्रामने ती यादी डिक्शनरीत किंवा मॅपमध्ये भरली, की एकाच नावाच्या दोन नोंदींपैकी नंतरची उरते, आणि टेस्टिंगमधली लांबी खऱ्या टेबलाची म्हणून वापरली जाते.

आणखी एक खाचखळगा इज_नलेबलचा. त्याचं उत्तर बूलियन नसतं, 'येस' किंवा 'नो' असा मजकूर असतो. पायथनमध्ये रिकामा नसलेला कोणताही मजकूर 'इफ'मध्ये खराच ठरतो, त्यामुळे 'नो' हे उत्तरही होकारच समजलं जातं. तुलना स्पष्ट करा: हे उत्तर 'येस' आहे का?

ओरॅकलमध्ये इन्फर्मेशन स्कीमा नाही. तिथे युजर_टॅब_कॉलम्स, ऑल_टॅब_कॉलम्स आणि डीबीए_टॅब_कॉलम्स असे तीन थर आहेत: माझ्या मालकीचं, मला दिसू शकणारं आणि सगळंच. टेबलांसाठी, इंडेक्ससाठी, कन्स्ट्रेंटसाठीही हेच तीन उपसर्ग चालतात, त्यामुळे एकदा पद्धत कळली की नावं आपोआप आठवतात. एसक्यूलाइटमध्ये टेबलांची यादी एसक्यूलाइट_मास्टर या टेबलातून मिळते आणि कॉलमसाठी प्राग्मा टेबल_इन्फो ही आज्ञा आहे. नसलेल्या टेबलाचं नाव दिलं तर ही आज्ञा एरर देत नाही, नुसतं रिकामं उत्तर देते. म्हणून एकही ओळ आली नाही तर 'टेबल सापडलं नाही' असं आपण स्वतः जाहीर करायचं.

इन्फर्मेशन स्कीमा सगळ्यांना समान असावा म्हणून त्याला प्रत्येक डेटाबेसच्या खास गोष्टी सांगता येत नाहीत. पोस्टग्रेसमधले मटेरियलाइज्ड व्ह्यू त्यात दिसतच नाहीत. ॲरेच्या कॉलमचा डेटा टाइप नुसता 'ॲरे' येतो, कशाचा ॲरे ते यूडीटी_नेममध्ये बघावं लागतं. मायएसक्यूएलमध्ये एनम कॉलममधले पर्याय डेटा_टाइपमध्ये नसतात, कॉलम_टाइपमध्ये असतात. असं काही हवं असेल तर थेट मूळ कॅटलॉगकडे जावं: पोस्टग्रेसमध्ये पीजी_क्लास आणि पीजी_ॲट्रिब्यूट, एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिस.टेबल्स आणि सिस.कॉलम्स. पोस्टग्रेस शिकणाऱ्यांनी एक युक्ती जरूर करावी. पीएसक्यूएल हा त्याचा कमांड लाइनचा प्रोग्राम हायफन आणि मोठा ई हा पर्याय देऊन सुरू करा आणि टेबलाचं वर्णन मागा. ते वर्णन मिळवायला त्याने स्वतः कॅटलॉगला कोणत्या क्वेरी केल्या, त्या पडद्यावर छापून येतात. त्यांतली हवी ती उचलून आपल्या कोडमध्ये घालता येते. पुस्तकातलं प्रकरण वाचण्यापेक्षा पीजी_ॲट्रिब्यूट असा लवकर समजतो.

त्या क्वेरींमध्ये दोन अटी नेहमी दिसतील: ॲटनम शून्यापेक्षा मोठा हवा आणि ॲटइजड्रॉप्ड खोटा हवा. पहिली अट डेटाबेसचे आतले कॉलम गाळते. दुसरी काढून टाकलेले कॉलम गाळते, कारण पोस्टग्रेस कॉलम ड्रॉप केल्यावर त्याची नोंद पुसत नाही, नुसती खूण करतो. म्हणूनच ऑर्डिनल_पोझिशनमध्ये १, २, ४ अशी फट दिसू शकते. तो आकडा फक्त क्रम लावायला वापरा, ॲरेचा इंडेक्स म्हणून नको.

नाव आणि परवानगी

'टेबल तर आहे, पण क्वेरीला सापडत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा दोनच कारणं असतात.

पहिलं कारण लहान-मोठ्या अक्षरांचं. अवतरणचिन्हांशिवाय दिलेलं नाव ओरॅकल सगळं मोठ्या अक्षरांत साठवतो, पोस्टग्रेस सगळं लहान अक्षरांत. नेहमीच्या क्वेरीत नाव कसंही लिहिलं तरी चालतं, कारण डेटाबेस ते आधी बदलून घेतो. कॅटलॉगमध्ये मात्र तेच नाव साधा मजकूर म्हणून बसलेलं असतं आणि मजकुराची तुलना काटेकोर होते. जावामध्ये डेटाबेसमेटाडेटाला स्टोअर्सअपरकेसआयडेंटिफायर्स आणि स्टोअर्सलोअरकेसआयडेंटिफायर्स असे प्रश्न विचारता येतात. उत्तराप्रमाणे नाव बदलून मगच शोधा. मायएसक्यूएलमध्ये टेबलाच्या नावाचं वागणं ऑपरेटिंग सिस्टिमवरही अवलंबून असतं. विंडोजच्या लॅपटॉपवर चाललेला कोड लिनक्सच्या सर्व्हरवर अडतो, तो अनेकदा यामुळेच.

दुसरं कारण परवानगीचं. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलचा इन्फर्मेशन स्कीमा तुम्हाला तेवढंच दाखवतो ज्यावर तुमच्या युजरला काहीतरी हक्क आहे. ओरॅकलचे 'ऑल' ने सुरू होणारे व्ह्यूही तसेच. त्यामुळे रिकाम्या उत्तराचे दोन अर्थ होतात, टेबल नाही किंवा तुम्हाला ते बघायची मुभा नाही. डेव्हलपरच्या मशीनवर सगळे हक्क असलेला युजर असतो आणि प्रॉडक्शनवर मोजके हक्क असलेला, म्हणून हा फरक नेमका रिलीजच्या दिवशी उघडा पडतो. एररचा मजकूर लिहिताना कोणत्या युजरने, कोणत्या स्कीमात, कोणतं नाव शोधलं, हे तिन्ही त्यात छापा.

नाव मावेल का?

मराठी नावं साठवणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. 'लांबी ५०' असं कॅटलॉग सांगतो तेव्हा ५० काय, हे प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळं असतं.

'ज्ञानेश्वर कुलकर्णी' हे नाव घ्या. वाचणाऱ्याला पहिल्या शब्दात ज्ञा, ने, श्व, र अशी चारच अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये मात्र ज, हलन्ताची खूण, ञ, काना अशी मोजणी होऊन त्याचे १० कोड पॉइंट होतात. कुलकर्णीचे ८ आणि मधली मोकळी जागा १, असे एकूण १९. पायथनमधलं लेन किंवा जावामधलं लेंग्थ हाच १९ चा आकडा देतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट ३ बाइट घेतो आणि मोकळी जागा १ बाइट, म्हणजे ३० + १ + २४ = ५५ बाइट.

आता ओरॅकलमध्ये कोणी कॉलम नुसता 'व्हारचार२, ५०' असा बनवला असेल, तर मूळ सेटिंगप्रमाणे ते ५० बाइट असतात. १९ हा आकडा ५० पेक्षा कमी आहे म्हणून प्रोग्राम नाव पुढे पाठवतो आणि डेटाबेस ओआरए-१२८९९ ही एरर देतो: प्रत्यक्ष ५५, जास्तीत जास्त ५०. युजर_टॅब_कॉलम्समध्ये चार_यूज्ड नावाचा कॉलम आहे, त्यात 'बी' असेल तर लांबी बाइटमध्ये आणि 'सी' असेल तर कोड पॉइंटमध्ये. तो वाचल्याशिवाय ओरॅकलमधल्या मजकुराच्या लांबीवर विश्वास ठेवू नका. नवीन टेबल करताना 'व्हारचार२, ५० चार' असं स्पष्ट लिहिलं तर हा प्रश्नच मिटतो.

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलचा व्हारचार कोड पॉइंट मोजतो, तिथे हे नाव ५० मध्ये आरामात बसतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये गंमत उलटी आहे. सिस.कॉलम्समधला मॅक्स_लेंग्थ बाइटमध्ये असतो, म्हणून एनव्हारचार ५० ची लांबी १०० दिसते. ती दोनाने भागायची, आणि उणे १ दिसलं तर तो 'मॅक्स' समजायचा. त्याच डेटाबेसच्या इन्फर्मेशन स्कीमात मात्र ५० आणि १०० असे दोन्ही आकडे वेगवेगळ्या कॉलममध्ये मिळतात, म्हणून या कामासाठी तोच बरा.

लांबीपेक्षा घातक गोष्ट म्हणजे एसक्यूएल सर्व्हरमधला साधा व्हारचार. नेहमीच्या कोलेशनमध्ये त्यात देवनागरी पाठवली तर एरर येत नाही, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात आणि मूळ नाव कायमचं जातं. यूटीएफ-८ ची कोलेशन तिथे २०१९ च्या आवृत्तीपासून आली. म्हणून मराठी माहिती भरणाऱ्या प्रोग्रामने पहिली ओळ पाठवण्याआधीच डेटा_टाइप आणि कोलेशन_नेम तपासावेत, आणि कॉलम यूटीएफ-८ कोलेशन नसलेला साधा व्हारचार निघाला तर तिथेच थांबावं. प्रश्नचिन्हांतून नाव परत काढता येत नाही.

भाषेच्या लायब्ररीतून

प्रत्येक डेटाबेससाठी वेगळी क्वेरी लिहायची नसेल तर ड्रायव्हरला विचारता येतं. जावामध्ये कनेक्शनकडून डेटाबेसमेटाडेटा घेतला की गेटटेबल्स, गेटकॉलम्स, गेटप्रायमरीकीज, गेटइम्पोर्टेडकीज ही फंक्शन मिळतात. दोन ठिकाणी जपावं. गेटकॉलम्सला दिलेलं टेबलाचं नाव हे नमुना म्हणून वाचलं जातं, त्यात अंडरस्कोर म्हणजे 'कोणतंही एक अक्षर'. 'फी_२०२४' मागितलं तर 'फीज२०२४' या दुसऱ्याच टेबलाचे कॉलमही त्यात मिसळू शकतात. गेटसर्चस्ट्रिंगएस्केप जे चिन्ह देईल ते अंडरस्कोरच्या आधी लावा, किंवा आलेल्या प्रत्येक ओळीतलं टेबलाचं नाव पुन्हा ताडून बघा. दुसरं, गेटप्रायमरीकीज कॉलम देतं ते नावाच्या वर्णानुक्रमाने, कीमधल्या क्रमाने नव्हे. की एकापेक्षा जास्त कॉलमची असेल तर की_सेकच्या आकड्याप्रमाणे क्रम स्वतः लावून घ्या.

पायथनमध्ये क्वेरी चालवल्यावर कर्सरच्या डिस्क्रिप्शनमध्ये प्रत्येक कॉलमसाठी सात गोष्टी असतात, पण डीबी-एपीआयच्या नियमानुसार त्यांतल्या नाव आणि टाइप या दोनच सक्तीच्या. एसक्यूलाइटचा ड्रायव्हर तर नुसतं नाव देतो. गंभीर कामासाठी एसक्यूएलअल्केमीचा इन्स्पेक्टर वापरावा. त्याची गेट_कॉलम्स, गेट_पीके_कन्स्ट्रेंट, गेट_फॉरेन_कीज ही फंक्शन सगळ्या डेटाबेसवर एकाच आकाराचं उत्तर देतात. जँगोमध्ये इन्स्पेक्टडीबी ही कमांड जुन्या टेबलांवरून मॉडेलचा कोड लिहून देते. तो कच्चा खर्डा समजावा आणि ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करावा.

टेबलाऐवजी एखाद्या गुंतागुंतीच्या क्वेरीतून कोणते कॉलम बाहेर येणार हे हवं असेल, तर ती क्वेरी सबक्वेरी म्हणून आत ठेवायची आणि बाहेरच्या सिलेक्टला 'व्हेअर १ = ०' जोडून चालवायचं. एकही ओळ येत नाही, पण कॉलमचं वर्णन येतं. जावामध्ये इथे गेटकॉलमलेबल वापरा. 'ॲज' लावून दिलेलं नाव तेच देतं, गेटकॉलमनेम मूळ नाव देऊ शकतं.

सुरक्षेचा एक नियम

टेबलाचं किंवा कॉलमचं नाव प्रोग्रामला बाहेरून मिळत असेल, उदाहरणार्थ रिपोर्टमध्ये 'कशाने क्रम लावू' हे वापरणारा निवडत असेल, तर ते नाव प्रश्नचिन्हाच्या जागी पॅरामीटर म्हणून देता येत नाही. पॅरामीटर किमतींसाठी असतात, नावांसाठी नसतात. मग मजकूर जोडून क्वेरी बनवण्याचा मोह होतो आणि तिथून एसक्यूएल इंजेक्शनला वाट मिळते. योग्य क्रम असा: कॅटलॉगमधून त्या टेबलाच्या कॉलमची यादी घ्या, आलेलं नाव त्यात तंतोतंत आहे का बघा, नसेल तर सरळ नकार द्या. असेल तर यादीतलं नाव वापरा, बाहेरून आलेलं नव्हे, आणि तेही डेटाबेसच्या अवतरणात घालून. त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये कोट_आयडेंट आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये कोटनेम ही फंक्शन आहेत.

किती वेळा विचारायचं

कॅटलॉगची क्वेरी फुकट नसते. हजारो टेबलांच्या डेटाबेसवर गेटकॉलम्सला नाव न देता हाक मारली तर उत्तराला बराच वेळ लागतो. प्रोग्राम सुरू होताना एकदा वाचा, मेमरीत ठेवा आणि लूपच्या आत कधीही विचारू नका. नेहमीच्या ॲप्लिकेशनमध्ये, जिथे टेबल ठाऊक आहे, तिथे कॉलमची नावं क्वेरीत स्पष्ट लिहिणंच योग्य. कॅटलॉग लागतो तो इम्पोर्ट, एक्सपोर्ट, रिपोर्ट बनवणारी साधनं आणि सुरुवातीची तपासणी यांना.

या सुरुवातीच्या तपासणीचा आग्रह मी धरेन. प्रोग्रामला लागणारे कॉलम आणि डेटाबेसमधले कॉलम ताडून बघायचे आणि फरक निघाला तर चालूच व्हायचं नाही. हायबरनेट वापरणाऱ्यांना 'व्हॅलिडेट' हे सेटिंग तयार मिळतं. त्याच्याच शेजारचं 'अपडेट', जे टेबल परस्पर बदलतं, ते प्रॉडक्शनवर कधीही लावू नये.

टेबलात किती ओळी आहेत, हेही कॅटलॉगमध्ये दिसतं, पण मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये टेबल_रोज हा अंदाज असतो आणि ओरॅकलचा नम_रोज शेवटची आकडेवारी गोळा केली तेव्हाचा. हिशेब जुळवायला काउंट क्वेरीच हवी.

कॉलमचा अर्थ मात्र त्याच्या नावावरून किंवा टाइपवरून कळत नाही. 'स्टेटस' हा एका अक्षराचा कॉलम आहे एवढंच कळेल. त्यात 'डी' म्हणजे डिलीट झालेला की ड्यू असलेला, ते ज्याने बनवला त्यालाच माहीत. म्हणून टेबल करतानाच कॉमेंट लिहा. ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये 'कॉमेंट ऑन कॉलम', मायएसक्यूएलमध्ये कॉलमच्या व्याख्येतच 'कॉमेंट', एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक्स्टेंडेड प्रॉपर्टी. या कॉमेंट मराठीतही लिहिता येतात आणि कॅटलॉगमधून वाचताही येतात. ओरॅकलच्या जावा ड्रायव्हरमधून त्या हव्या असतील तर रिमार्क्सरिपोर्टिंग हे सेटिंग चालू करावं लागतं. ते मुळात बंद असतं आणि रिमार्क्सचा रकाना रिकामा येतो.

त्या जुन्या वर्डच्या फाइलीऐवजी मग एक छोटा प्रोग्राम ठेवा. प्रत्येक रिलीजनंतर तो टेबल, कॉलम, टाइप, लांबी, नल आणि कॉमेंट एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहील आणि ती फाइल कोडबरोबर गिटमध्ये जाईल. ओळी टेबलाच्या आणि मग कॉलमच्या नावाप्रमाणे लावा, ऑर्डिनल_पोझिशनप्रमाणे नको. मग कोणत्या रिलीजमध्ये कोणता कॉलम वाढला, कोणाची लांबी बदलली, हे दोन फाइलींतल्या फरकात ओळीनिशी दिसतं.